तोंड येतं म्हणजे काय होतं?



गेल्या खेपेला आपण नखं आणि नखांतला मळ यांच्याविषयी बोललो. आज थेट तोंडात शिरू या. घाबरू नका, कुणाचे किडके दात मोजायचे नाहीत!

आपल्या मराठीत एक गमतीदार शब्दप्रयोग आहे, 'तोंड येणे'. आता तोंड तर जन्मल्यापासून आपल्याजवळ असतंच. मग ते नव्याने येतं कुठून? पण ज्याला कधी तोंड आलंय, त्याला विचारा. एरवी आपल्याला तोंड आहे याची दिवसभर आठवणसुद्धा नसते. गालाच्या आत ज्वारीच्या दाण्याएवढा चट्टा उठला, की मात्र तोंडाशिवाय दुसरं काही सुचत नाही. आमटी झोंबते, पोळीचा कडक काठ टोचतो, आणि जीभ पुन्हा पुन्हा नेमकी तिथेच जाते.

मधल्या सुट्टीत वर्गात एखादं मूल डबा उघडतं, एक घास खातं आणि झाकण लावून टाकतं. विचारलं तर म्हणतं, "भूक नाही." भूक असते हो! तोंडात दुखत असतं, आणि सांगायला लाज वाटत असते. तर आज लाज ठेवू बाजूला. तोंडातली जखम भरते कशी, तिच्यावर काय लावावं आणि काय मुळीच लावू नये, ते नीट समजून घेऊ.

जखमा किती तऱ्हेच्या

गप्पा मारत जेवताना गाल चावला जातो. घाईत ब्रश हिरडीत घुसतो. गरमागरम बटाटेवड्याचा मोह आवरत नाही आणि टाळू पोळते. दाताचा टवका उडाला असेल, तर त्याची धार जिभेला घासते. दातांना तारा लावलेल्या दादा-ताईंच्या ओठाला तारेचं टोक लागतं. या झाल्या लागून झालेल्या जखमा.

दुसरी तऱ्हा म्हणजे खरोखरचं 'तोंड येणं'. गोल किंवा लांबट चट्टा, मध्ये पांढरट-पिवळा, भोवती लाल कडं. तो ओठाच्या आत, गालाच्या आत किंवा जिभेच्या कडेला येतो. जागरण, परीक्षेची काळजी, चावा, शरीरात लोह, फॉलिक ॲसिड किंवा बी-१२ कमी असणं, अशी त्याची बरीच कारणं असू शकतात. काही घरांत हा त्रास आजोबांपासून नातवापर्यंत चालत येतो. हा चट्टा संसर्गाचा नाही. म्हणजे शेजारच्या मुलाला तोंड आलं म्हणून त्याच्यापासून दूर बसायचं काही कारण नाही.

तिसरी तऱ्हा मात्र संसर्गाची. ताप येतो, हिरड्या लाल होऊन सुजतात आणि तोंडात बारीक बारीक पुष्कळ फोड येतात. किंवा तोंडाबरोबर तळहातांवर, तळपायांवरही पुरळ उठतं. हे विषाणूंचं काम. अशा वेळी डॉक्टरांना दाखवायचं, पेला-चमचा वेगळा ठेवायचा आणि बरं वाटेपर्यंत शाळेला सुट्टी.

तोंड स्वतःच डॉक्टर आहे

गुडघा फुटला की त्यावर खपली धरते. तोंडात कधी खपली पाहिलीय? नाही ना! तोंड सतत ओलं असतं, त्यामुळे तिथे कोरडी खपली धरत नाही. तिच्याऐवजी जखमेवर मऊ, पांढरट-पिवळा पडदा येतो. पुष्कळ जणांना वाटतं की तो पू आहे, आणि मग ते नखाने किंवा ब्रशने खरवडून काढतात. असं करू नका हं! तो पडदा म्हणजे तोंडातली ओली पट्टीच. तिच्याखाली कडेकडेच्या पेशी हळूहळू मध्यभागी सरकत असतात. पट्टी ओढून काढली, की त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आणि एक नवलाची गोष्ट ऐका. तोंडातली जखम हातापायावरच्या जखमेपेक्षा लवकर भरते, आणि मागे व्रणही कमी राहतो. यात मोठा वाटा आपल्या लाळेचा. दिवसाकाठी आपल्या तोंडात साधारण अर्धा ते दीड लीटर लाळ तयार होते. ती जखम ओली ठेवते आणि अन्नाचे कण धुऊन नेते. तिच्यात लायसोझाइम नावाचा पदार्थ असतो, तो काही जंतूंच्या भिंती फोडतो. तो शोधला अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी, १९२२ साली. हेच पुढे पेनिसिलीन शोधणारे फ्लेमिंग, बरं का!

लाळेत पेशींना 'वाढा, वाढा' असा निरोप देणारा पदार्थही असतो. अमेरिकन शास्त्रज्ञ स्टॅनली कोहेन यांना तो उंदराच्या लाळग्रंथीत सापडला. त्या ग्रंथींचा अर्क त्यांनी उंदराच्या नवजात पिल्लांना टोचला, तर पिल्लांचे डोळे वेळेआधीच उघडले आणि दातही लवकर आले! माणसाच्या लाळेतही हा पदार्थ असतो. कोहेन यांना रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्याबरोबर १९८६ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं.

(म्हणून गुडघ्याच्या जखमेला थुंकी लावायची नाही हं! लाळेत जंतूही असतात. तोंडात ते चालून जातं, गुडघ्यावर नाही.)

साधा चट्टा बहुधा एक ते दोन आठवड्यांत आपला आपण भरून येतो. मग औषध लावायचंच कशाला? शेतात पीक आपलं आपण वाढतं, तरी पाखरं हाकायला राखणदार लागतोच ना? वरून लावायचं औषध हे असं राखणदाराचं काम करतं. जखम भरण्याचं काम तोंडच करतं. औषध वेदना कमी करतं, जंतू आणि खरखरीत घास दूर ठेवतं, आणि सूज उतरवायला मदत करतं.

राखणदार कोणकोणते?

पहिला राखणदार आपल्या स्वयंपाकघरातलाच, मिठाचं पाणी. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवा. दिवसातून तीन-चार वेळा, विशेषतः जेवणानंतर, त्याने चूळ भरा. इथे एक बारकावा आहे. मान मागे टाकून घशात खळखळ करतो ती गुळणी. आपल्याला गालात घोळवायची चूळ हवी, कारण जखम गालात आहे, घशात नाही! अर्धा मिनिट घोळवा आणि थुंकून टाका. मीठ जास्त घातलं म्हणजे गुण लवकर येतो असं नाही. उलट जखम झोंबते. ज्यांना चूळ भरून थुंकता येत नाही अशा लहानग्यांना हे देऊ नका.

दुसरा राखणदार पांघरूण घालणारा. औषधाच्या दुकानात तोंडात चिकटून राहणारी मलमं मिळतात. ती जखमेवर पातळ थर धरतात, मग घास घासत नाही. घरात काही नसेल, तर जेवणाआधी साजूक तुपाचं बोट लावलं तरी थोडा वेळ आराम पडतो. मधही लावतात. पण मध गोड असतो, म्हणून थोड्या वेळाने चूळ भरून टाकायची. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मधाचं बोटसुद्धा चाटवू नका. त्यातून बाळाला बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

तिसरा राखणदार जंतूंना आवरणारा. दाताचे डॉक्टर कधी कधी क्लोरहेक्सिडीनचं पाणी चूळ भरायला देतात. ते डॉक्टरांनी सांगितल्यावरच आणि सांगितले तेवढेच दिवस वापरायचं. जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात. पेस्टने दात घासल्याबरोबर लगेच वापरलं, तर त्याचा जोर कमी होतो. म्हणून मध्ये निदान अर्धा तास जाऊ द्यावा.

चौथा राखणदार सूज उतरवणारा. चट्टे फार मोठे असतील किंवा पुन्हा पुन्हा येत असतील, तर डॉक्टर स्टेरॉइडचं मलम लिहून देतात. ते बहुधा रात्री झोपताना लावायचं असतं. काकांना दिलेल्या मलमाची ट्यूब कपाटात पडली आहे म्हणून आपणही लावली, असं करायचं नाही. जखम विषाणूंची किंवा बुरशीची असेल, तर तेच मलम अपाय करू शकतं.

करून पाहा

एक स्टीलची ताटली घ्या. अर्धी ताटली फडक्याने कोरडी पुसा आणि अर्धी ओली ठेवा. आता दोन्हीकडे चिकटपट्टीचा तुकडा लावा. कुठे चिकटला? कोरड्या भागावरच! तोंडात मलम लावताना हेच होतं. म्हणून मलम असं लावायचं :

१. आधी साबणाने हात स्वच्छ धुवा.
२. चूळ भरा. मग स्वच्छ कापसाने जखमेची जागा हलकेच टिपून घ्या. पुसायची नाही, टिपायची.
३. मसुराएवढं मलम बोटावर घेऊन जखमेवर अलगद टेकवा. चोळलं तर ते रवाळ होऊन निघून येतं.
४. नंतर अर्धा तास खायचं-प्यायचं नाही. म्हणूनच जेवणानंतर किंवा झोपताना लावलेलं बरं.

हे मात्र लावायचं नाही

पानाचा चुना, लवंगेचं निर्भेळ तेल, चुरडलेली ॲस्पिरिनची गोळी, कोरडी हळद किंवा मीठ यांतलं काहीही जखमेवर चोळायचं नाही. चुन्याने तोंड भाजतं. 'गोळी दुखणं थांबवते, मग ती दुखऱ्या जागीच ठेवली तर?' असं काहींना वाटतं. पण ॲस्पिरिन आम्ल असतं. हिरडीवर ठेवलं, की तिथली कातडी पांढरी पडून सोलवटते, आणि एका दुखण्याची दोन दुखणी होतात.

आई-बाबांनो, आता हे तुमच्यासाठी. काही घरांत तोंडाच्या फोडांना मधात टंकणखार कालवून लावण्याची जुनी रीत आहे. टंकणखार म्हणजे बोरॅक्स. तो पोटात जातो आणि लहान मुलांना विषारी ठरतो. बाळांच्या चोखणीला मध-टंकणखार लावल्याने त्यांना झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय ग्रंथांत आहेत.

जागा बधिर करणाऱ्या जेलचंही तसंच. दात येणाऱ्या बाळाच्या हिरड्यांना ते चोळू नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लिडोकेनच्या द्रावणाबद्दल २०१४ मध्ये आणि बेंझोकेनबद्दल २०१८ मध्ये असे इशारे दिले आहेत. लिडोकेन जास्त पोटात गेलं तर बाळाला झटके येऊ शकतात. बेंझोकेनमुळे क्वचित रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. कोलीन सॅलिसिलेट असलेली तोंडाची जेलं १६ वर्षांखालील मुलांना लावू नयेत, असं ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २००९ मध्ये सांगितलं. आपल्याकडच्या काही जेलांत हाच घटक असतो. म्हणून ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा आणि मुलांसाठी घेताना डॉक्टरांना विचारा.

आधी काटा काढा

पायात काटा रुतलेला असताना वरून कितीही मलम चोपडलं, तर काय उपयोग? तोंडाचंही तसंच आहे. तुटक्या दाताची धार रोज जिभेला घासत असेल, तर आधी दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन ती गुळगुळीत करून घ्यायला हवी. तारेचं टोक टोचत असेल, तर त्यावर लावायचं मेण मिळतं. पेन्सिल चावायची सवय असेल, तर... ते तुम्हीच ठरवा!

दात काढताना किंवा भरताना डॉक्टर सुई देऊन ओठ-गाल बधिर करतात. तो बधिरपणा दोन-तीन तास राहतो. तेवढ्यात गंमत म्हणून ओठ चावायचा नाही. तेव्हा कळत नाही, पण संध्याकाळी ओठ पावासारखा फुगतो. दात काढल्यावर त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. पहिले चोवीस तास खळखळून चूळ भरायची नाही, नळीने ओढून काही प्यायचं नाही. गुठळी निघाली तर दुखणं वाढतं. मिठाच्या पाण्याची चूळ दुसऱ्या दिवसापासून.

जखम भरेपर्यंत तिखट ठेचा, चिंच, लिंबू, कुरकुरीत चिवडा यांना सुट्टी द्या. मऊ भात, वरण, केळं, पेज, नाचणीचं सत्त्व, थंड दूध किंवा ताक चालेल. ताक झोंबत असेल तर ते राहू द्या. दुखतं म्हणून पाणी प्यायचं थांबवू नका. ब्रशही थांबवायचा नाही, फक्त तो मऊ हवा.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं?

पडून तोंडात कापलं, तर स्वच्छ फडकं दहा मिनिटं दाबून धरा. मध्ये मध्ये उघडून बघू नका. तरी रक्त थांबलं नाही, जखमेचं तोंड उघडं दिसलं, जीभ चिरली किंवा ओठाची बाहेरची कड कापली, तर ताबडतोब डॉक्टर. तोंडात पेन्सिल किंवा काडी धरून पळताना पडलात आणि ती टाळूत किंवा घशाकडे घुसली, तर रक्त थांबलं तरी डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

तोंडातल्या फोडांबरोबर ताप असेल, पाणी गिळवत नसेल, लघवी कमी होत असेल, तर थांबायचं नाही. चट्टे महिन्या-महिन्याला येत असतील, तर रक्त तपासून घ्यावं.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचा नियम. दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम डॉक्टरांना दाखवायची. जखम दिसली की कॅलेंडरवर त्या दिवशी पेन्सिलने गोल करा. चौदा दिवस मोजा. चौदाव्या दिवशीही ती असेल, तर नवं मलम शोधत बसू नका. सरळ डॉक्टरांकडे चला.

हा नियम तुमच्यापेक्षा घरातल्या मोठ्यांना जास्त लागू आहे. आपल्याकडे कुणी तंबाखू मळून गालात धरतं, कुणी मशेरी लावतं, कुणी सुपारी चघळतं. गालात जिथे तंबाखू धरतात, तिथेच पांढरा किंवा लाल चट्टा उठतो. कधी कधी तो मुळीच दुखत नाही, आणि म्हणूनच त्याच्याकडे कुणी बघत नाही. तोंडाच्या कर्करोगाची सुरुवात अशी गुपचूप होऊ शकते. तो लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

'आमची तर नुसती गोड सुपारी!' असं म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, तंबाखू न घातलेली सुपारीही कर्करोगाला कारण ठरते असं नोंदवलं आहे. सुपारीने गालाचं आतलं अस्तर ताठ होत जातं आणि तोंड उघडेनासं होतं. एक साधी तपासणी करता येते. आपली मधली तीन बोटं एकत्र जोडून उभी धरा आणि पुढच्या दातांमध्ये घालून बघा. ती मावत नसतील, तर दाताच्या डॉक्टरांना दाखवायचं.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकायचे नाहीत, असा २००३ चा केंद्राचा कायदा आहे. पण कायदा काही आजोबांच्या चंचीत डोकावू शकत नाही. नातवंडं डोकावू शकतात! भांडायचं नाही, रुसायचं नाही, 'तुम्ही वाईट' असं म्हणायचं नाही. रविवारी सकाळी आरसा आणि बॅटरी घेऊन म्हणा, "आजोबा, आज सगळ्यांनी तोंड दाखवायचं. पहिला नंबर माझा." आधी स्वतः आ करा. मग आई, बाबा, आजी आणि आजोबा. ओठ उलटून, गालाच्या आत, जिभेच्या वर, खाली आणि दोन्ही कडांना बघा. काही दिसलं, तर कॅलेंडरवर गोल! ज्यांना तंबाखू सोडायची आहे त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय दूरध्वनी आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

आठवा पाहू!

१. चट्ट्यावरचा पांढरट पडदा का खरवडू नये?
२. चूळ आणि गुळणी यांत फरक काय?
३. मलम लावण्याआधी जागा का टिपून घ्यायची?
४. बाळाच्या हिरडीला कोणत्या दोन गोष्टी लावायच्या नाहीत? (दोनाहून जास्त सापडल्या तर शाबास!)
५. कॅलेंडरवर गोल केल्यावर किती दिवस मोजायचे?

उत्तरं वहीत लिहा आणि पाचवं उत्तर घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. पुढच्या आठवड्यात भेटू. तोवर गरम वड्याला जरा फुंकर मारून खा, बरं का!